सीझनआधीची तयारी: काडतुसांचा खर्च कमी करायचाय तर आधी वही काढा

शिकारीच्या सीझनला दोन-तीन महिने असतात ना, तेव्हाच बसायचं हे सगळं घेऊन, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसाचं रिकामं कवच) घरी परत भरून काडतुसं करायची तयारी, ज्याला रीलोडिंग म्हणतात. शेवटच्या पंधरवड्यात दुकानात गेलं की शेल्फवर जे उरलंय ते मिळेल त्या भावात उचलावं लागतं, आणि आपल्या रायफलला नेमकं तेच चालत नाही, मग परत झिरो करा (नेम धरला तिथेच गोळी लागावी म्हणून साईट जुळवा), परत एक बॉक्स उडवा, असं चक्र सुरू होतं. म्हणून पहिलं काम प्रेस (काडतुसं भरायचं हातयंत्र) पुसणं नाही की पावडर शोधणं नाही, पहिलं काम म्हणजे वही. मागच्या वर्षी एकूण किती काडतुसं झाडली आणि कशावर, हे लिहून काढा. मी पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा चाटच पडलो, अख्ख्या सीझनमध्ये जनावरावर झाडलेल्या गोळ्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या, झिरो तपासायला पाच-सहा, आणि बाकी शे-दोनशे सगळी सरावाला आणि "हा लोड बघू, तो लोड बघू" (लोड म्हणजे कुठली पावडर किती आणि कुठली गोळी हा मेळ) करण्यात गेलेली. म्हणजे पैसे वाचवायची जागा कुठे आहे ते तिथेच कळलं. शिकारीची गोळी स्वस्तातली घेऊन काही हाती लागत नाही, ती चांगलीच घ्या, कात्री लावायची ती सरावाला आणि प्रयोगांना.

वहीच्या दुसऱ्या पानावर कायदा. रीलोडिंग तुमच्याकडे चालतं का, त्याला वेगळं लायसन्स लागतं का, पावडर आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) घरात किती ठेवता येतात, शिकारीला शिशाची गोळी चालते की तांब्याचीच लागते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि काही ठिकाणी घरी काडतुसं भरायला सरळ बंदी आहे. सामान घेऊन झाल्यावर हे कळलं तर सगळी बचत पाण्यात. आणि सरावाची स्वस्त फुल मेटल जॅकेट गोळी जनावरावर वापरायचा विचारसुद्धा नको, बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, ती गोळी पसरत नाही, आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन लांब जाऊन तडफडून मरतं.

आता पुंगळ्या. खरा पैसा इथे आहे. काडतुसाचे चार भाग, पुंगळी, प्रायमर, पावडर आणि गोळी, त्यातली पुंगळी बहुतेक वेळा सगळ्यात महाग किंवा दोन नंबरची महाग असते आणि परत वापरता येते ती एवढी एकच. त्यामुळे विकतची फॅक्टरी काडतुसं झाडलीत तरी पुंगळ्या गवतात सोडून यायच्या नाहीत, एक जुनी चादर अंथरली की सगळ्या तिच्यावर पडतात. घरी आणल्यावर कंपनीप्रमाणे वेगळ्या करा, कारण बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतली जागा कमी-जास्त असते. सैन्यासाठी बनवलेल्या पुंगळ्यांची भिंत बऱ्याचदा जाड असते, आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीला प्रेशर जास्त होतं, शिवाय त्यांच्या प्रायमरला क्रिंप (प्रायमर सुटू नये म्हणून कडेने दाबलेली पकड) असतो तो आधी काढावा लागतो. फुकट मिळाल्या म्हणून पोतंभर गोळा करणारे मी बघितलेत, मग त्या साफ करण्यात दोन रविवार जातात.

पुंगळी तपासायची एक युक्ती सांगतो, हिला खर्च काहीच नाही. पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवा आणि थोडं घासून टोकदार करा. मग ते पुंगळीत घालून तळापासून वर आतल्या भिंतीवरून हळू ओढायचं. तळाच्या जरा वर टोक अडकलं, म्हणजे खाच लागल्यासारखं वाटलं, तर भिंत तिथे पातळ झालीय आणि पुढच्या एखाद्या वेळी पुंगळी तिथूनच तुटणार. बाहेरून त्याच जागी चमकदार कडं दिसतं कधी कधी, पण दर वेळी दिसेलच असं नाही. अशी पुंगळी पक्कडने चेपून भंगारात टाका, नुसती बाजूला ठेवली तर महिन्याभराने परत ढिगात येते, माझी आली होती. हे पातळ होणं बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो, डाय (पुंगळी परत आकारात आणणारा प्रेसमधला साचा) गरजेपेक्षा खाली लावून पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी जास्तच मागे ढकलतो. बोल्ट (हाताने उघडायची-मिटायची मागची दांडी) असलेल्या रायफलला साधारण ०.००२ इंच मागे गेला तरी पुरतं. डाय नीट लावला आणि लोड मध्यम ठेवला तर तीच पुंगळी दुप्पट वेळा निघते, आणि याला एक पैसा लागत नाही. लांबीवर पण लक्ष ठेवायचं, .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, त्याच्या वर गेली की २.००५ ला कापून आणायची, म्हणून कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) हवाच.

हत्यारांचं म्हणाल तर इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. वर्षाला दोन-तीनशे काडतुसं करणाऱ्याला साधा एका वेळी एक काम करणारा प्रेस पुरतो, आणि तो सेकंडहँड घ्या, लोखंडाचा ठोकळा आहे तो, आपल्यानंतर पोरं वापरतील. डाय पण जुने चालतात, गंज तेवढा बघून घ्यायचा. वजनकाटा मात्र चांगला, आणि त्याच्याबरोबर तपासायचं प्रमाण वजन. डिजिटल काट्यावर पंख्याची झुळूक आली तरी आकडा नाचतो, मी एक अख्खी संध्याकाळ काट्याला शिव्या घालत बसलो होतो आणि खिडकी उघडी होती. पुंगळ्या धुवायला महागडं टम्बलर नसलं तरी चालतं, गरम पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि नंतर पूर्ण कोरड्या होईपर्यंत वाळवायच्या. ल्यूबमध्ये (डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला लावायचं वंगण) कंजूषी करू नका. मी एकदाच एक पुंगळी ल्यूब न लावता डायमध्ये घातली, ती आत अशी बसली की बाहेर काढायला वेगळं किट आणावं लागलं, त्या किटच्या पैशात ल्यूबच्या कितीतरी डब्या आल्या असत्या.

तिसऱ्यांनी भरलेली काडतुसं, उघडा किंवा लेबल गेलेला पावडरीचा डबा, जुनी पडून असलेली "चांगली आहेत रे, घे" वाली काडतुसं, हे फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. पावडरी दिसायला सारख्या असतात, जळण्याचा वेग वेगळा असतो, पिस्तुलाची पटकन जळणारी पावडर चुकून रायफलच्या पुंगळीत गेली तर रायफल फुटते. यात वाचवायला काही नाहीये.

खरेदी करताना सगळं एकदमच घ्या, आणि एकाच लॉट नंबरचं (म्हणजे कंपनीत एकाच खेपेला बनलेलं). हिशोब सोपा आहे, एका पाउंडात ७००० ग्रेन, लोड नुसता हिशोबापुरता ४४ ग्रेन धरला (कृती म्हणून घेऊ नका, कृती फक्त मॅन्युअलमधून) तर एका पाउंडात १५९ काडतुसं होतात. म्हणजे सीझनला दोनशे करायची असतील तर एक डबा कमी पडणार आणि मध्येच दुसऱ्या लॉटचा डबा आणावा लागणार, मग लोड परत खालून, म्हणजे कमी पावडरीपासून, तपासा. म्हणून दोन डबे एका लॉटचे, प्रायमर हजाराचा एक खोका, गोळ्या एकाच वजनाच्या. प्रायमरची कंपनी बदलली किंवा साध्याच्या जागी मॅग्नम (जास्त जोराचा) आला तरी परत खालून सुरुवात करायची, हे लोक विसरतात. ज्यांच्याकडे .३०८ आणि .३०-०६ अशा दोन रायफली आहेत त्यांचं बरं आहे, दोन्हीला ०.३०८ इंच व्यासाचीच गोळी लागते, वजन दोघींना मानवेल असं निवडलं तर एकाच मोठ्या बॉक्सवर भागतं. पुंगळ्या आणि लोड अर्थातच वेगळे. आणि रायफल अजून घ्यायचीच असेल तर सगळीकडे मिळणारं जुनं कॅलिबर घ्या, .३०-०६ हे १९०६ सालापासून आहे आणि .३०८ हे १९५२ पासून, नव्या फॅशनच्या कॅलिबरच्या पुंगळ्या शोधण्यात जे हाल होतात ते बघवत नाहीत.

लोड शोधण्यात सगळ्यात जास्त पैसे जळतात, हे मी स्वतःवरून सांगतोय. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या लोडपासून थोडं थोडं वर जायचं, बोल्ट उचलायला जड जायला लागला, प्रायमर चपटा दिसला किंवा पुंगळीच्या बुडावर एजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा उमटला की थांबून खाली यायचं, एवढं ठरलेलं. पण आपण करतो काय, शंभर मीटरला इंचभरात पाच गोळ्या बसतायत, जनावराला पुरून उरेल एवढं, तरी अजून अर्ध्या इंचासाठी आणखी एक पावडर, आणखी दोन प्रकारच्या गोळ्या. मी तीन सीझन हेच केलं. आता वहीत लिहिलंय, एक गोळी, एक पावडर, बसलं की विषय संपला, आणि त्यानंतर महिन्याचा खर्च निम्म्यावर आला.

सराव कमी करायचा नाही, स्वस्त करायचा. त्याच वजनाची साधी गोळी सरावाला आणि चांगली गोळी शिकारीला, दोन्हींचा नेम किती सरकतो ते एकदा कागदावर बघून वहीत लिहून ठेवा, नाहीतर ऐन वेळी चार इंच खाली लागते आणि मग कळतं. त्याहून स्वस्त म्हणजे .२२ (छोट्या काडतुसाची रायफल), उभं राहून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, टेबलावर बसून नाही कारण जंगलात टेबल नसतं. आणि त्याहूनही स्वस्त म्हणजे रिकाम्या रायफलवर ट्रिगरचा सराव, दोनदा उघडून बघायची रिकामी आहे ना, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी सुरक्षित दिशेला. फक्त बऱ्याच .२२ रायफलींवर हे करू नका, फायरिंग पिन (ट्रिगर दाबल्यावर पुढे येणारी टोचणी) चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) कडेवर आपटते.

भरायच्या दिवशी टेबलावर पावडरीचा एकच डबा. फोन बाहेर. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात लावा, पावडर घालून झाली की टॉर्च घेऊन वरून प्रत्येकीत बघा, सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे, एक जरी वेगळी वाटली तरी ती रिकामी करून परत मोजा. प्रायमर बसवल्यावर बोटाचं टोक फिरवायचं, तो बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत लागला पाहिजे, वर लागला तर ते काडतूस बाजूला. उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत, हॉपरमध्ये (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्राच्या वरच्या भांड्यात) रात्रभर ठेवायची नाही. मी एकदा ठेवली होती, सकाळी कुठली ते खात्रीने आठवेना, तर सगळी टाकून दिली. जीव हळहळला, पण दुसरा इलाज नव्हता. डबे मूळ झाकणासकट थंड, कोरड्या जागी, प्रायमर वेगळे, सगळं कुलपात आणि पोरांच्या हाताबाहेर.

शेवटी शिकारीसाठी निवडलेली वीस काडतुसं वेगळ्या बॉक्समध्ये, वर लोड, तारीख आणि लॉट नंबर लिहून. ही वीसच्या वीस एकेक करून चेंबरमध्ये घालून बघायची, रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरून, किंवा घरी बघायचं असेल तर बोल्टमधली फायरिंग पिन काढून. बोल्ट आरामात बंद झाला पाहिजे. मॅगझिनमध्ये पण भरून बघा, गोळी जरा लांब बसली असेल तर तिथेच अडकते. मागच्या वेळी वीसातलं एक अडकलं, खांद्यावर ल्यूब जास्त झाल्यामुळे खळगा पडला होता, ते बाहेर काढून गोळी परत सोडवून घेतली आणि बॉक्सवर पेनने एकोणीस लिहिलं.