राउटिंग-स्विचिंगचा कोर्स कसा निवडावा आणि कसा शिकावा

नेटवर्किंगच्या, म्हणजे संगणकांची जाळी उभारण्याच्या व सांभाळण्याच्या, कोर्सची चौकशी करायला जाण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असावी. सीसीएनए हे सिस्को या नेटवर्क-उपकरणांच्या कंपनीचे पायाभूत प्रमाणपत्र. त्यापैकी ‘सीसीएनए राउटिंग अँड स्विचिंग’ या नावाचे स्वतंत्र प्रमाणपत्र सिस्को कंपनीने २४ फेब्रुवारी २०२० पासून बंद केले आणि राउटिंग-स्विचिंग, सिक्युरिटी, वायरलेस अशा बहुतेक वेगवेगळ्या सीसीएनए परीक्षांच्या जागी २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा आणली. जुने नाव मात्र बोलण्यात आणि जाहिरातींत टिकून आहे. म्हणून क्लासमध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा की, शिकवला जाणारा अभ्यासक्रम कोणत्या परीक्षेचा आहे. या परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगला (एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग काढणे), २५ टक्के भार आहे. मूलतत्त्वांना आणि नेटवर्क अ‍ॅक्सेसला, ज्यात स्विचिंग (एकाच नेटवर्कमधील उपकरणे जोडणे) येते, प्रत्येकी २०, सुरक्षिततेला १५, आणि आयपी सर्व्हिसेस व ऑटोमेशन यांना प्रत्येकी १० टक्के. क्लासच्या वेळापत्रकात हे सर्व भाग आहेत का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

दुसरा प्रश्न लॅबचा. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने किती तास काम करायला मिळते, एका उपकरणावर एकाच वेळी किती जण बसतात, आणि क्लास सुटल्यावर लॅब उघडी असते का, हे फी भरण्यापूर्वी विचारावे आणि शक्य असल्यास चालू बॅचमध्ये एक तास बसून पाहावे. शिक्षक पडद्यावर आज्ञा टाइप करतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात, असे चित्र दिसले तर तेथे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असेल, तर ती कोणत्या अटींवर आहे हे लेखी मागावे.

ज्यांना मोठी फी परवडत नाही, त्यांच्यासाठी मार्ग बंद नाही. सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमी हा १९९७ साली सुरू झालेला शैक्षणिक उपक्रम असून त्यात नोंदणी केल्यावर पॅकेट ट्रेसर हे पडद्यावर नेटवर्क उभारून पाहण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. सीसीएनएच्या बहुतेक प्रात्यक्षिकांना ते पुरेसे आहे. पुढच्या पातळीवर जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी हे त्याच प्रकारचे सॉफ्टवेअर वापरावे. सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट २९६० स्विच आणि त्याला संगणकावरून आज्ञा देण्यासाठी लागणारी कन्सोल केबल स्वस्तात मिळाली तर जरूर घ्यावी, कारण पोर्टवरचे दिवे वाचण्याची आणि चुकीच्या जागी लावलेली केबल शोधण्याची सवय पडद्यावर लागत नाही.

अभ्यासाचा आरंभ सबनेटिंगपासून, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडण्यापासून, करावा आणि ते कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय जमेपर्यंत पुढे जाऊ नये. १९२.१६८.१०.० या नेटवर्कला /२६ मास्क लावला (म्हणजे पत्त्यातील पहिले २६ बिट नेटवर्कचे मानले) तर प्रत्येकी ६४ पत्त्यांचे चार भाग होतात आणि ते ०, ६४, १२८ आणि १९२ येथे सुरू होतात. प्रत्येक भागातील पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा) असल्यामुळे उपकरणांसाठी ६२ पत्ते उरतात. आता पत्त्याच्या शेवटी ७० आणि १३० असलेले दोन संगणक एकाच स्विचला जोडले, तर ते राउटरशिवाय एकमेकांशी बोलू शकतील का? ७० हा ६४ ते १२७ या भागात पडतो आणि १३० हा १२८ ते १९१ या भागात, म्हणून नाही. असे उत्तर काही सेकंदांत देता येऊ लागले की पुढचा निम्मा अभ्यासक्रम सोपा वाटू लागतो.

स्विचिंगमध्ये मॅक टेबल (कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद), व्हीलॅन (स्विचवर वेगळे पाडलेले गट), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी) आणि स्पॅनिंग ट्री (स्विचच्या जोडण्यांतील वर्तुळे रोखणारी पद्धत) हा क्रम ठेवावा. तीन स्विच त्रिकोणात जोडावेत, कोणतीही सेटिंग बदलू नये आणि मुळाचा स्विच, म्हणजे रूट ब्रिज, कोणता झाला ते पाहावे. सर्वांची मूळ प्राथमिकता ३२७६८ अशी सारखीच असल्यामुळे ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) सर्वांत लहान, तोच रूट होतो. जुन्या उपकरणांचे पत्ते पुष्कळदा लहान असतात. त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही, तर कार्यालयातील सर्वांत जुना, संथ स्विच संपूर्ण जाळ्याचा केंद्रबिंदू बनू शकतो. हे एकदा स्वतः पाहिले की प्राथमिकता हाताने का ठरवायची, ते वेगळे पाठ करावे लागत नाही.

राउटिंगमध्ये विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात ते राउटर मार्ग कसा निवडतो या प्रश्नावर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचे, म्हणजे मार्ग कोणाकडून कळला त्यावरून ठरणाऱ्या विश्वासार्हतेचे, आकडे (हाताने लिहिलेला स्टॅटिक मार्ग १; राउटरांनी आपसांत मार्ग कळवण्याच्या पद्धतींपैकी ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०; लहान आकडा अधिक विश्वासार्ह) तोंडपाठ असतात, पण ते केव्हा लागू होतात हे ठाऊक नसते. समजा, राउटरला १०.१.०.०/१६ हा मार्ग ओएसपीएफकडून आणि १०.१.५.०/२४ हा मार्ग आरआयपीकडून कळला आहे. १०.१.५.२० साठी आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) आरआयपीच्या मार्गाने जाईल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सची तुलना एकाच नेटवर्ककडे, तेवढ्याच मास्कने जाणाऱ्या दोन मार्गांमध्ये होते. येथे मास्क वेगळे असल्यामुळे दोन्ही मार्ग राउटरच्या मार्गांच्या टेबलमध्ये बसतात आणि पॅकेट पाठवताना ज्याचा मास्क सर्वांत लांब जुळतो, तो मार्ग (येथे /२४) जिंकतो. ही मांडणी लॅबमध्ये स्वतः करून ‘शो आयपी राउट’ या आज्ञेचे उत्तर ओळ न ओळ वाचावे.

यानंतर सर्वांत मोलाचा सराव येतो, तो म्हणजे चालू असलेले जाळे मुद्दाम बिघडवणे. तीन राउटरांवर ओएसपीएफ सुरू करून एका बाजूचा हॅलो टायमर (शेजारच्या राउटरला हजेरी कळवण्यातील अंतर) १० सेकंदांवरून ५ वर आणावा, शेजारसंबंध तुटलेला पाहावा आणि तो पूर्ववत करावा. मग एरियाचा, म्हणजे ओएसपीएफमधील विभागाचा, क्रमांक बदलावा. मग एका बाजूचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) कमी करावा; या वेळी शेजारी दिसतो, पण संबंध एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या अर्धवट अवस्थेत अडकतो. बिघाड मित्राने करावा आणि आपण शोधावा, ही पद्धत अधिक चांगली. शोधताना केबल आणि पोर्ट, मग व्हीलॅन, मग आयपी पत्ता व गेटवे (नेटवर्कबाहेर नेणारा राउटर), मग राउट असे खालून वर जावे, आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम तपासावा. नोकरीच्या मुलाखतीत आणि प्रत्यक्ष कामावर हीच शिस्त कामाला येते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी आज्ञा इंग्रजीतच शिकाव्यात, पण त्या काय करतात याचे स्पष्टीकरण आपल्या वहीत मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहावे. जे मराठीत नीट लिहिता येत नाही, ते बहुधा समजलेलेच नसते.

परीक्षा १२० मिनिटांची असते, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते, आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. म्हणून सराव परीक्षाही तशाच द्याव्यात. फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना डम्प म्हणतात, त्यांच्यापासून दूर राहावे. ते वापरणे नियमांचे उल्लंघन आहेच, शिवाय त्यांच्या बळावर उत्तीर्ण झालेला उमेदवार कन्सोलसमोर बसवला की लगेच उघडा पडतो.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. त्या काळात सीसीएनपी एंटरप्रायझ या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राची ३५०-४०१ ही मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सीसीएनएचेही नूतनीकरण होते. तिची तयारी मात्र प्रत्यक्ष जाळ्यावर वर्षभर काम केल्यानंतर सुरू करावी.