गाडीत कुत्र्याला बांधावे का, आणि बांधावे तर कसे

कुत्र्याला मोटारीतून नेताना बांधावे की मोकळे सोडावे, या प्रश्नाला माझ्या मते एकच उत्तर आहे: बांधावे, मग अंतर दोन गल्ल्यांचे का असेना. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण बांधण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक साधनांनी कुत्रा चालकाच्या मांडीवर चढत नाही इतकेच साधते. धडक बसल्यावर ती त्याला धरून ठेवतीलच असे नाही. ही दोन कामे वेगळी आहेत आणि साधन विकत घेण्यापूर्वी ते यांपैकी कोणते काम करते हे विचारले, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तरी आतला मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जात राहतो. सुमारे दहा मीटर उंचीवरून पडलेली वस्तू साधारण याच वेगाने जमिनीवर आपटते. 20 किलोच्या कुत्र्याला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचे, तर सरासरी चारशे किलो वजनाइतके बळ लावावे लागते. अवघ्या चार किलोच्या पिल्लासाठीही ते ऐंशी किलोच्या आसपास जाते, त्यामुळे मांडीवर घेतलेले छोटे कुत्रे आपण हातांनी धरून ठेवू ही समजूत फोल आहे. वेग दुप्पट झाला की हे बळ चौपट होते. हा सगळा जोर कुत्रा स्वतः तर सोसतोच, शिवाय पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीला आणि मानेलाही तो सोसावा लागतो.

अर्थात रोजच्या प्रवासात धडकेपेक्षा किरकोळ प्रसंगच जास्त येतात. कुत्रा पेडलजवळच्या जागेत शिरतो, खिडकीच्या बटणावर त्याचा पंजा पडतो आणि काच खाली जाते, करकचून ब्रेक लागल्यावर तो सीटवरून खाली कोसळतो. अपघातानंतर दार उघडताच बिथरलेला कुत्रा रहदारीत पळत सुटतो, किंवा जखमी मालकाजवळ मदतनिसांना येऊच देत नाही. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीतील 57 व्या नियमात कुत्र्याला हार्नेस (छातीभोवती आणि पाठीवरून बांधायचे पट्टे), पेटी, पिंजरा किंवा जाळी यांच्या साहाय्याने आवरून ठेवावे असे सांगितले आहे, ते चालकाचे लक्ष विचलित होऊ नये आणि अचानक थांबल्यास कोणाला इजा होऊ नये, या दोन्ही कारणांसाठी.

कुत्र्याची जागा मागच्या सीटवर किंवा डिकीच्या भागात असावी. पुढच्या सीटसमोरची एअरबॅग प्रौढ माणसाच्या शरीराचा विचार करून बसवलेली असते आणि ती डोळ्याचे पाते लवायच्या आत प्रचंड जोराने फुगते, म्हणून तिच्यापुढे कुत्रा बसवू नये. गाडीला मागची सीटच नसेल, तर पुढची सीट शक्य तितकी मागे सरकवावी आणि बंद करण्याची सोय असल्यास त्या बाजूची एअरबॅग बंद करावी.

मागच्या सीटसाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे हार्नेस, आणि सर्वाधिक फसगतही त्यातच होते. फिरायला नेण्याचा हार्नेस आणि गाडीचा हार्नेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात बकल बहुधा प्लास्टिकचे असते आणि शिवण कुत्र्याने ओढण्यापुरती मजबूत असते. धडकेच्या जोरापुढे ते बकल तुटू शकते. उत्पादकाने पाकिटावर 'चाचणी केलेले' असे छापले, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चाचणी कुठे झाली, किती वजनाच्या पुतळ्यावर झाली आणि प्रत्यक्ष धडकेच्या यंत्रावर झाली की नुसता पट्टा ताणून पाहिला, हे शोधावे. अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था अशा साधनांच्या धडक-चाचण्या घेते आणि उत्तीर्ण साधनांची यादी प्रसिद्ध करते. तिथे एकाच कंपनीचा एक आकार यादीत असतो आणि दुसरा नसतो, म्हणून आपल्या कुत्र्याला लागणारा आकारच तपासावा.

हार्नेस हातात आल्यावर छातीवरचा पट्टा पाहावा. तो रुंद आणि अस्तर लावलेला असावा आणि गळ्याच्या खाली, छातीच्या हाडावर टेकावा. जोर बरगड्यांवर आणि छातीवर पसरला तर कुत्रा तो बऱ्याच अंशी सोसतो, पण तोच जोर गळ्यावर आला तर श्वासनलिका आणि मान दोन्ही धोक्यात येतात. याच कारणासाठी गळपट्ट्याला दोरी अडकवून तिचे दुसरे टोक सीटबेल्टमध्ये खोचणे हा प्रकार काही न बांधण्यापेक्षाही घातक ठरू शकतो. पट्टे आवळल्यावर आत दोन बोटे जेमतेम सरकावीत. चार सरकत असतील तर कुत्रा हिसक्यासरशी मागच्या मागे त्यातून निसटेल. पुढच्या पायांच्या मागे, काखेत पट्टा घासतो का हे कुत्रा बसलेला असताना आणि आडवा झालेला असताना असे दोनदा पाहावे, कारण उभ्या कुत्र्यावर नीट बसलेला पट्टा तो पसरला की सरकतो.

त्यानंतर हार्नेस गाडीला जोडणारा दुवा. हा दुवा जितका आखूड तितका चांगला: कुत्र्याला बसता आणि आडवे होता यावे, पण सीटच्या कडेवरून खाली जाता येऊ नये. लांब दोरीने बांधलेला कुत्रा धडकेत आधी पुढच्या सीटवर आदळतो आणि मग दोरी ताणली जाते, म्हणजे दोरीचा उपयोग शून्य. बकलमध्ये खोचायचे तयार हुक स्वस्त मिळतात, पण कुत्र्याचा पंजा लाल बटणावर पडला की ते सुटतात. त्यापेक्षा गाडीचा सीटबेल्टच हार्नेसच्या पाठीवरच्या फासातून ओवून नेहमीप्रमाणे लावणे अधिक भरवशाचे असते, अर्थात उत्पादकाने तशी रचना केली असेल तरच. एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. सीटबेल्ट सावकाश ओढल्यास सैल सुटत जातो, त्यामुळे कुत्रा गोल फिरून त्यात गुरफटू शकतो. काही गाड्यांमध्ये बेल्ट पूर्ण बाहेर ओढून परत आत सोडला की तो टकटक आवाज करत फक्त आतच जातो, बाहेर येत नाही. ही सोय लहान मुलांच्या आसनासाठी असते. कुत्र्यासाठी ती वापरायची असेल तर सुरुवातीला मागे कोणीतरी बसलेले असावे, कारण असा बेल्ट अंगाभोवती आवळत गेला तर सोडवणे कठीण जाते.

मोठ्या आणि चळवळ्या कुत्र्यासाठी माझी पसंती डिकीच्या भागात घट्ट बसवलेल्या पिंजऱ्याला आहे. कुत्र्याला आत उभे राहता, वळता आणि आडवे होता यावे इतकाच तो मोठा असावा. प्रशस्त पिंजऱ्यात धडकेच्या वेळी कुत्रा भिंतीवर आपटण्यापूर्वी अधिक अंतर कापतो. पिंजरा मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावा आणि गाडीच्या तळाशी असलेल्या लोखंडी कड्यांना मजबूत पट्ट्यांनी बांधावा. सामान बांधण्याच्या लवचीक रबरी दोऱ्या या कामाच्या नाहीत. घरात वापरायचा तारेचा घडीचा पिंजरा चेपला की त्याच्या तारा आत घुसतात. डिकीच्या दारापर्यंत पोहोचणारा लांब पिंजराही टाळावा, कारण मागून धडक बसल्यास गाडीचा तो भाग चेपावा अशीच त्याची रचना केलेली असते. लहान कुत्र्याची पेटी पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवण्याच्या जागेत अडकवून ठेवणे चांगले, कारण तिथे तिला पुढे जायला जागाच उरत नाही. मऊ कापडी पेटीवरून सीटबेल्ट आवळणे मात्र उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय करू नये, कारण धडकेत तोच बेल्ट पेटी चिरडू शकतो.

डिकी आणि सीट यांमधली जाळी माणसांना वाचवते, पण तिच्यामागे मोकळा असलेला कुत्रा तिच्यावरच आदळतो. मागच्या सीटवर झोळीसारखे पसरायचे कापड कुत्र्याला खाली पडू देत नाही आणि सीट स्वच्छ ठेवते. त्याला सुरक्षासाधन मानू नये. खिडकीबाहेर डोके काढू देणेही बंद करावे. उडणारे खडे, धूळ आणि किडे डोळ्यांत आणि कानांत जातात. खिडकीची बटणे कुलूपबंद करावीत आणि मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावून ठेवावे.

नवे साधन प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आधी हार्नेस घरात घालून खाऊ द्यावा, मग उभ्या गाडीत बसवावे, मग नुसते इंजिन सुरू करावे आणि त्यानंतर जवळचीच एक फेरी मारावी. पिंजऱ्याच्या बाबतीत दार उघडे ठेवून कुत्रा आपणहून आत जाऊन झोपेपर्यंत वाट पाहावी. प्रत्येक फेरी पशुवैद्याच्या दारात संपत असेल तर कुत्रा गाडीवर खूश असण्याची अपेक्षा कशाला करायची! लाळ गळणे, सतत जांभया देणे, ओठ चाटणे ही मळमळीची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याला निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी मात्र तोडू नये आणि औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. गुंगीचे औषध आपल्या मनाने कधीही देऊ नये, विशेषतः चपट्या नाकाच्या जातींना, कारण त्यांचा श्वास आधीच अडखळत असतो.

लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबावे. उतरवताना क्रम चुकवू नये: दार बंद असतानाच आधी फिरायची दोरी हार्नेसला अडकवून हातात घट्ट धरावी, मग सीटबेल्ट सोडावा आणि शेवटी दार उघडावे. बांधलेल्या कुत्र्याला उभ्या गाडीत एकटे सोडून जाऊ नये. बाहेर 21 अंश सेल्सियस इतकी सुखद हवा असली तरी बंद गाडीतले तापमान अर्ध्या तासात 40 अंशांपर्यंत जाते आणि काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय बांधलेल्या कुत्र्याला सावलीच्या बाजूला सरकताही येत नाही.

दर महिन्याला पट्ट्यांच्या कडा, शिवण आणि कड्या तपासाव्यात. कुरतडलेला पट्टा शिवून घेऊन पुन्हा वापरू नये. एकदा खरी धडक सोसलेला हार्नेस आणि त्याचे दुवे वरकरणी धडधाकट दिसले तरी टाकून द्यावेत, कारण ताणलेल्या धाग्यांची ताकद किती उरली आहे हे डोळ्यांना कळत नाही. पिंजरा पुन्हा वापरायचा असेल, तर आधी त्याचे सांधे उत्पादकाकडून तपासून घ्यावेत.