हलता देखावा करताय? पट्ट्या कापण्याआधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की पुण्यातल्या मंडळांची पोरं जुन्या बाजारातून गाडीच्या काचेच्या वायपरची मोटर आणतात, लोखंडी पट्ट्या कापतात आणि रात्री अकराला फोन करतात, "दादा, मूर्तीचा हातच हलत नाही." मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. चुकलेली असते ती लांबी.

एका मंडळात तलवार चालवणारा मावळा होता. मोटरच्या शाफ्टपासून खांद्याच्या पिनेपर्यंत ३० सेंटिमीटर, क्रँक, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर गोल फिरणारी पट्टी, १०, खांद्याच्या पिनेवर मागेपुढे हलणारा दांडा १५ आणि या दोघांना जोडणारी जोडपट्टी २८. दोन दिवस झकास चालला. मग जोडपट्टी मोडली आणि घाईत कुणीतरी २२ ची लावली. "सहा सेंटिमीटरनं काय होतंय?" संध्याकाळी पडदा उघडला, समोर रस्ता भरलेला. क्रँक खांद्यापासून लांब जाऊ लागली की जोडपट्टी आणि दांडा एका रेषेत ताणले जायचे आणि खट्ट! मोटर जागीच गुरगुरायची. थोड्या वेळात मोटरमधलं वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळल्याचा वास आला आणि मावळा उरलेले दिवस हात वर करून उभा राहिला.

हा जर्मन अभियंता ग्राशोफचा नियम. तीन पट्ट्या आणि शाफ्ट ते खांदा हे अंतर धरून चार बाजू होतात: सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब बाजूंची बेरीज उरलेल्या दोघींपेक्षा जास्त झाली, तर कुठलीच पट्टी पूर्ण गोल फिरत नाही. आधी ४० (१० + ३०) विरुद्ध ४३ (२८ + १५) होते, नंतर ४० विरुद्ध ३७ (२२ + १५). मोटरवर नेहमी सर्वांत आखूड पट्टी लावा.

मी लोखंडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचणीनं जोडतो आणि क्रँक बोटानं सावकाश पूर्ण फिरवतो. पंधरा मिनिटांचं काम. ते टाळणाऱ्यांची घाई मला अजिबात पटत नाही.

पुठ्ठ्यावरच जोडपट्टी आणि दांड्यामधला कोन बघा. तो ४० ते १४० अंशांत ठेवा. त्यापलीकडे जोर हात हलवण्याऐवजी पिनेवर जातो, छिद्रं लांबट होतात. असंच पायाच्या शिलाई मशीनचं: तिला सुरुवातीला हातानं चाक फिरवावं लागतं, कारण दांडा आणि क्रँक एका रेषेत असले की पायाचा जोर चाक फिरवूच शकत नाही.

सांध्याचा नट करकचून आवळू नका. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हलल्यानं सैल न होणारा नट वापरा, दोन पट्ट्यांमध्ये वॉशर घाला. अशा चार बाजूंच्या जोडणीकडून तंतोतंत सरळ रेषा मागू नका, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटची १७८४ ची जोडणीसुद्धा जवळपासच सरळ चालते. जड तलवारीला मागून वजन बांधा. आणि मोटरच्या वायरला फ्यूज लावा, पडदा उघडायच्या आधी.