देवगांडूळ शोधताना या चुका टाळा

वळवाच्या दोन सरी पडल्या की लोक देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर, शोधायला आंबोली-तिलारीकडे निघतात. वरची माती काळी दिसते, पण वीतभर खाली कोरडीच असते, आणि देवगांडूळ त्याहून खोल. जमीन नीट भिजेपर्यंत थांबा.

सगळ्यात वाईट चूक कुदळीची. घाईतला माणूस उभा घाव घालतो. देवगांडूळ पेन्सिलीएवढं जाड आणि मातीत आडवं पसरलेलं. धार बसली की तुटतंच. तुकडा पुन्हा वाढेल हा समज सोडा. याला पाठीचा कणा आहे, काळीज आहे, हा बेडकाचा भाऊबंद. उताराच्या खालच्या बाजूनं सुरुवात करा, पातं आडवं घालून ओंजळभर ढेकूळ सैल करा, ते हातानं फोडा, मग पुढचं. शेणखताच्या ढिगाची कड किंवा ओढ्याकाठची भुसभुशीत माती असेल तर खुरपं पुरतं. अर्ध्या तासात एक चौरस मीटर झाला तरी भरपूर. ज्याला एवढा धीर नाही त्यानं कुदळ हातात घेऊच नये. खड्डा बुजवूनच उठा.

दगड उलटून तसाच टाकणं हीदेखील नेहमीची चूक. इक्थिओफिस या देवगांडुळाच्या गटातली मादी ओलाव्याच्या जागी अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळं घालून बसते. शिबिरात दगड उचलला जातो, दहा जण फोटोसाठी वाकतात, टॉर्चचा झोत पडतो, मादी सटकते आणि अंडी उघडी पडतात. दगड आपल्याकडे उचला, पाहा, होता त्याच खाचेत ठेवा. अंडी दिसली तर फोटो विसरा.

ओळख पटवताना खवले बघा. वाळा आणि खापरखवल्या हे साप आहेत, त्यांच्या अंगावर खवले दिसतात आणि जीभ आत-बाहेर होते. देवगांडुळाला ओलसर कातडी, अंगभर वळी. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये बारीक स्पर्शिका (चाचपायचा अवयव), ती भिंगातूनच दिसते. साध्या गांडुळाला जबडा नसतो, देवगांडुळाला असतो. आंबोलीची गेगेनिओफिस डॅनिएली ही देवगांडुळाची जात २००३ साली शास्त्राला माहीत झाली. अंदाजानं जातीचं नाव ठोकू नका.

डास पळवणारं मलम लावलेल्या हातानं स्पर्श नको. ही कातडी श्वासही घेते.

बुटांना चिखल तसाच ठेवून जंतुनाशक फवारणं व्यर्थ. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरते. आधी ब्रशनं घासा, मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), मग पूर्ण वाळवा, आणि हे सगळं ओढ्यापासून लांब. वनखात्याच्या हद्दीत खणायला लेखी परवानगी लागते, गावच्या बागेत मालकाची.