कोड एडिटरचे एक्स्टेन्शन लिहिताय? या चुका टाळा

व्हीएस कोड या कोड एडिटरसाठी स्वतःचे एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, लिहू पाहणारी पाच-सहा मंडळी दर शनिवारी सकाळी कोथरूडला माझ्याकडे जमतात. दर काही महिन्यांनी चेहरे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. त्यांतल्या बहुतेक मी स्वतः आधी केलेल्या असल्यामुळे त्यांविषयी थोडे कडक लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एफ५ दाबल्यावर उघडणाऱ्या चाचणीच्या विंडोवर विश्वास ठेवणे. ती विंडो एक्स्टेन्शन थेट तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवते, त्यामुळे नोड मॉड्यूल्समध्ये (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) जे काही पडलेले असेल ते सगळे तिला आयते मिळते. व्हीएससीई हे पॅकेज बांधणारे साधन वापरून तुम्ही व्हीएसआयएक्स, म्हणजे इतरांना इन्स्टॉल करता येणारी फाइल, तयार करता, तेव्हा मात्र पॅकेज.जेसन या एक्स्टेन्शनची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये ‘डिपेंडन्सीज’खाली नोंदवलेल्या लायब्ररीच तिच्यात जातात आणि ‘डेव्ह-डिपेंडन्सीज’खालच्या, म्हणजे फक्त लिहिताना लागणाऱ्या, मागे राहतात.

सदाशिव पेठेत मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या एका परिचित काकांसाठी मी एक लहानसे एक्स्टेन्शन लिहिले होते. नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी एका यामल फाइलमध्ये (साध्या मजकुरात माहिती मांडण्याचा एक प्रकार) होती आणि मजकुरात तसा शब्द आला की त्याखाली नागमोडी रेघ उमटायची. घरी सगळे उत्तम चालत होते, म्हणून व्हीएसआयएक्स पेनड्राइव्हवर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, इन्स्टॉल केले, कमांड पॅलेटमधून, म्हणजे कमांड शोधण्याच्या यादीतून, कमांड दिली, तर कोपऱ्यात संदेश आला की अशी कमांडच सापडत नाही. हा संदेश दिसला की अनुभवी माणूस आधी स्पेलिंग तपासतो, कारण पॅकेज.जेसनमधला कमांडचा आयडी आणि कोडमध्ये नोंदवलेला आयडी यांत एका अक्षराचा फरक असला तरी हेच होते. मी तासभर तेच करत बसलो आणि काकांनी दोनदा चहा मागवला. शेवटी हेल्प मेनूतून डेव्हलपर टूल्स उघडली, तेव्हा लाल अक्षरांत खरे कारण दिसले: यामल वाचणारी लायब्ररी पॅकेजमध्ये नव्हतीच. ती मी सवयीने ‘सेव्ह-डेव्ह’ लावून घेतली होती, त्यामुळे ती ‘डेव्ह-डिपेंडन्सीज’खाली गेली होती. ती लोड न झाल्यामुळे एक्स्टेन्शन सुरूच झाले नव्हते, आणि जे सुरूच झाले नाही त्याची कमांड कुठून सापडणार? दुरुस्ती एका ओळीची होती, पण त्यासाठी संध्याकाळच्या गर्दीत म्हात्रे पुलावरून घरी जाऊन परत यावे लागले.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की पहिल्याच दिवशी, एक्स्टेन्शन फक्त ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणत असतानाच, मी त्याची व्हीएसआयएक्स फाइल तयार करतो आणि व्हीएस कोडमध्ये नवी, कोरी प्रोफाइल उघडून तिथे ती इन्स्टॉल करतो. ‘व्हीएससीई एलएस’ ही आज्ञा दिली की पॅकेजमध्ये नेमक्या कोणत्या फाइल जाणार आहेत याची यादी मिळते. ती मी नजरेखालून घालतो. ईएसबिल्ड या साधनाने सगळा कोड एका फाइलमध्ये बांधला तर वरची अडचण टळते, मात्र एडिटर स्वतः पुरवतो ते ‘व्हीएसकोड’ हे मॉड्यूल बाहेरचे म्हणून सांगायला विसरू नका. शनिवारच्या मंडळींना हे कंटाळवाणे वाटते. त्यांना पहिल्या आठवड्यातच मार्केटप्लेसवर, म्हणजे एक्स्टेन्शन्सच्या ऑनलाइन बाजारात, स्वतःचे नाव बघायचे असते.

त्याच संध्याकाळी दुसरी चूकही उघड झाली, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी ती अवश्य लक्षात ठेवावी. नागमोडी रेघ चुकीच्या शब्दाच्या बरीच डावीकडे पडत होती. ‘पुणेरी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी प, उकार, ण, मात्रा, र आणि वेलांटी अशी ती सहा एकके आहेत. व्हीएस कोड ओळीतले स्थान मोजताना यूटीएफ-१६ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीची एकके मोजतो, म्हणजे त्याचा हिशेब सहाचा असतो. मी मात्र ‘इंटल.सेगमेंटर’ या जावास्क्रिप्टमधल्या सोयीने अक्षरे सुटी करून त्यांचा क्रमांक स्थान म्हणून दिला होता, त्यामुळे ओळ जितकी लांब तितकी रेघ मागे सरकत होती. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतल्याने घरी हे कधीच दिसले नाही. सेगमेंटर प्रत्येक तुकड्याबरोबर ‘इंडेक्स’, म्हणजे तो कुठे सुरू होतो ते स्थान, देतो, तो मूळ मजकुरातल्या एककांतच असतो. एडिटरला तो द्यावा आणि अक्षरांची मोजणी फक्त वाचकाला आकडा दाखवण्यासाठी ठेवावी.

बाकीच्या चुका लवकर आटोपतात. अ‍ॅक्टिव्हेशन इव्हेंटमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शन कधी सुरू व्हावे हे सांगणाऱ्या नोंदीत, ‘*’ लिहू नका. त्याने तुमचे एक्स्टेन्शन एडिटर उघडतानाच सुरू होते आणि गरज नसलेल्या माणसालाही थांबायला लावते. अगदीच लागले तर ‘ऑन-स्टार्टअप-फिनिश्ड’ (एडिटर उघडून झाल्यावर) वापरा. पॅकेज.जेसनमध्ये जाहीर केलेल्या कमांडसाठी व्हीएस कोडच्या १.७४ या आवृत्तीपासून वेगळा इव्हेंट लिहावाच लागत नाही, तरी जुन्या लेखांतून उतरवलेल्या ओळी मला अजून दिसतात. कन्सोल.लॉगने छापलेले आउटपुट एफ५ने उघडलेल्या नव्या विंडोत शोधू नका, ते मूळ विंडोच्या डीबग कन्सोलमध्ये येते. मजकूर बदलल्याची घटना प्रत्येक कळ दाबल्यावर येते, तेव्हा तपासणी अर्धा सेकंद थांबवून करा. नोंदवलेला प्रत्येक लिसनर (घटनेची वाट पाहणारा कोड) ‘कॉन्टेक्स्ट.सबस्क्रिप्शन्स’मध्ये टाका, म्हणजे एक्स्टेन्शन बंद होताना तोही काढला जातो. एक्स्टेन्शनचे चिन्ह एसव्हीजी चालत नाही, किमान १२८ बाय १२८चे पीएनजी लागते.

आणि ‘टाइप्स/व्हीएसकोड’ची (व्हीएस कोडच्या सोयींचे वर्णन देणाऱ्या लायब्ररीची) आवृत्ती पॅकेज.जेसनमध्ये ‘इंजिन्स’खाली लिहिलेल्या, व्हीएस कोडच्या किमान लागणाऱ्या आवृत्तीपेक्षा नवी असेल, तर व्हीएससीई पॅकेज करायलाच नकार देते. अशा वेळी बहुतेक जण ‘इंजिन्स’चा आकडा वाढवून मोकळे होतात. मी टाइप्सचा आकडा कमी करतो, कारण काकांच्या कार्यालयातला व्हीएस कोड गेल्या दिवाळीनंतर कोणी अपडेट केलेला नाही.