लेव्हल कन्व्हर्टर लावताय? या चुका टाळा

“सर्किट चालत नाही, जरा बघता का?” म्हणून आलेल्या फोटोत ३.३ आणि ५ व्होल्टच्या सिग्नलांची गाठ घालून देणारा तो चार चॅनेलचा चिमुकला बोर्ड, म्हणजे लेव्हल कन्व्हर्टर दिसला, की मी बाकी काही न बघता पिनांवर झूम करतो. बऱ्याचदा हेडर (पिनांची पट्टी) नुसता भोकांत घुसवलेला असतो, सोल्डरचा टिपूसही नाही. बोर्ड तिरका दाबून धरला की चालतं, हात काढला की बंद. सोल्डर करा. यावर मला चर्चा नको.

दुसरी चूक जास्त चिवट आहे, कारण ती टेबलावर दिसतच नाही. हा बोर्ड कशासाठी बनलाय हे कुणी बघत नाही. प्रत्येक चॅनेलला एक बीएसएस१३८ मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) आणि १० किलोओहमचे दोन पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर, एवढाच त्याचा संसार. ही युक्ती फिलिप्सने १९९७ मध्ये मांडली ती मुख्यतः आय-टू-सीसाठी, म्हणजे चिपांनी दोन तारांवर आपसात बोलायच्या पद्धतीसाठी. तिथे लाइन खाली ओढते चिप आणि वर नेतो रेझिस्टर. १०० किलोहर्ट्झला ते आरामात जमतं. म्हणून हाच बोर्ड सगळीकडे चालेल असं धरून बसलेल्यांत एकेकाळी मीही होतोच.

सोसायटीच्या गणपतीच्या मखराला मी आणि भाच्याने डब्ल्यूएस२८१२बीची एलईडी पट्टी (एकाच डेटा वायरवरून प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो ती) लावायची ठरवली. कंट्रोलर बोर्ड नोडएमसीयू ३.३ व्होल्टचा, पट्टी ५ व्होल्टची, मधे हा कन्व्हर्टर. घरी टेबलावर झकास. मखरात कंट्रोलर मागे लपवला, डेटाची वायर तीन मीटर झाली, आणि स्थापनेच्या आदल्या रात्री पट्टी अंगात आल्यासारखी लुकलुकायला लागली. “मामा, लायब्ररी बदलून बघू या.” बदलली. पॉवर सप्लाय बदलला. मल्टीमीटर कन्व्हर्टरच्या एचव्हीवर (जास्त व्होल्टेजची बाजू) ५ आणि एलव्हीवर (कमी व्होल्टेजची) ३.३ दाखवून निवांत. शेवटी साडेअकराला शेजारच्या विंगमधून सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप उसना आणला.

सिग्नल साधारण २.७ व्होल्टपर्यंत ताडकन चढत होता (मॉस्फेटच्या आतल्या डायोडची कृपा) आणि तिथून पुढे घाटातल्या जुन्या एसटीसारखा रखडत होता. कारण वरचा सगळा चढ १० किलोओहमच्या रेझिस्टरने, त्यात तीन मीटर वायरची कपॅसिटन्सही (चार्ज साठवायची क्षमता) त्यानेच भरायची. पट्टीला ‘हाय’ कळायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. तिचे पल्स ०.४ आणि ०.८ मायक्रोसेकंदांचे. लाइन वर पोचेपर्यंत पल्स संपलेला.

सकाळी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप आणली. ती ५ व्होल्टवर चालते पण २ व्होल्टलाच ‘हाय’ मानते, आणि आउटपुट वर आणि खाली दोन्हीकडे दमदार ढकलते. तिचा एनेबल पिन (आउटपुट चालू करणारा) ग्राउंडला जोडायला भाचा विसरला, तो घाम वेगळा. पुढे ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि आरतीच्या आधी पट्टी शहाण्यासारखी वागू लागली. चिप घेताना नावातला ‘टी’ मात्र बघून घ्या. दुकानदार “एकच आहे” म्हणून साधी एचसी हातात ठेवतात, ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर ती चालेलही, पण डेटाशीट तशी हमी देत नाही.

तेव्हापासून माझा नियम: आय-टू-सीला मॉस्फेटवाला बोर्ड, एकाच दिशेने जाणाऱ्या वेगवान सिग्नलला बफर चिप. टीएक्सबी०१०८ ही सिग्नलची दिशा आपोआप ओळखणारी कन्व्हर्टर चिप आय-टू-सीला लावू नका. तिचं आउटपुट मुद्दाम अशक्त ठेवलंय, पुल-अपपुढे ती गोंधळते.

एक चूक मला अजून हसवते. कन्व्हर्टर नाव आहे ना, मग पहिल्या चॅनेलच्या एचव्ही१ पिनेला ५ व्होल्ट द्यायचे आणि समोरच्या एलव्ही१वरून सेन्सरला ३.३चा पुरवठा घ्यायचा! १० किलोओहममधून फार तर ०.३३ मिलिअँपिअर मिळतात. सेन्सर कसला चालतोय. एलव्हीला ३.३ आणि एचव्हीला ५ तुम्हीच द्यायचे असतात. चॅनेल फक्त सिग्नलसाठी. रिलेसुद्धा त्यावर ओढू नका.

एचव्ही-एलव्ही उलटे लावले तर ५ व्होल्ट थेट नोडएमसीयूवरच्या ईएसपी चिपच्या पिनेवर येऊ शकतात, आणि तिला ३.६च्या वर सोसत नाही. मी प्रत्येक बोर्डाच्या एचव्ही बाजूला बायकोच्या लाल नेलपेंटचा ठिपका देतो.

दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकत्र. दरवेळी.

आणि सगळ्यात आधी, कन्व्हर्टर खरंच हवाय का बघा. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरच्या इको (उत्तराच्या) पिनेवरून ५ व्होल्ट एकाच दिशेने येतात. इको आणि ईएसपीच्या मधे १ किलोओहम, ईएसपीच्या पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम, की झाले ३.३. त्यासाठी बोर्ड मागवून चार दिवस कुरिअरची वाट बघत बसणारे लोकच पुढे हेडर सोल्डर करायची घाई नको म्हणतात.