पूरग्रस्तांना वाटायचं पत्रक कसं लिहावं

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. सरकारी मराठी मला झोपेतही लिहिता येते, म्हणून सांगते, पत्रकात ती नको. पुण्यात २०१९ ला आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, २०२४ च्या जुलैत एकतानगरीत शिरलं. अशा वेळी चिखल उपसत असलेल्या माणसाला "बाधितांनी विहित नमुन्यात आवश्यक कागदपत्रांसह संबंधित कार्यालयात अर्ज सादर करावा" हे वाचून काय कळणार? नमुना कुठला, कागद कोणते, कार्यालय कुणाचं, काहीच नाही.

सुरुवात पंचनाम्यापासून करा. "तलाठी येण्याआधी घर धुवावं लागलं, तर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढून ठेवा. सही करण्याआधी आपलं नाव आणि खाते क्रमांक नीट वाचा." घर भाड्याचं असेल तर नाव कुणाचं लागणार, हेही स्पष्ट लिहा. सगळी भांडणं तिथेच होतात.

बँकेची ओळ सगळ्यात नीट लिहायची. नुसतं "पासबुकची झेरॉक्स" म्हणून भागत नाही. २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात गेली, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. लोकांच्या कपाटात मात्र जुनंच पासबुक, त्यावर जुना आयएफएससी. "पासबुक जुन्या बँकेचं असेल तर शाखेतून नवा आयएफएससी लिहून आणा, खातं चालू आहे ना आणि आधारला जोडलंय ना, तेही तिथेच विचारा." लांबलचक वाटेल, पण ही ओळ कापू नका.

मदतीची रक्कम लपवू नका. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत कपड्यांना कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये होते. त्यासाठी अट अशी, की घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असलेलं हवं. राज्य सरकारने अट शिथिल केली की त्याच दिवशी नवं पत्रक काढा. आकडा कळला की माणूस हिशेब करतो, आणि एजंटाला त्यातला वाटा देताना दहादा विचार करतो. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेही ठळक छापा. स्टॅम्पवाल्यासमोरची रांग निम्मी होईल.

साहेब विचारतील, खर्चाचं काय? एका बाजूचं पत्रक झेरॉक्सच्या भावात होतं. उलट एक अर्ज त्रुटीसाठी परत गेला की धुणीभांडी करणाऱ्या बाईची दिवसाची कमाई जाते, रिक्षाभाडं जातं, आणि आपल्या कारकुनाला तीच फाइल पुन्हा उघडावी लागते. हा खर्च कुठल्याच लेखाशीर्षाखाली दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

छापायला देण्याआधी कच्चा कागद कार्यालयाबाहेरच्या चहावाल्याला द्या. "कळलं का?" असं विचारू नका, तो हो म्हणेल. "उद्या सकाळी कुठे जाल, पिशवीत काय घ्याल?" असं विचारा. तो जिथे अडखळेल, ती ओळ बदला.